सोबती गेला, तो बगमुळे की आपल्यामुळे?

‘मास इफेक्ट’ नव्याने खेळायला लागलेली मुलं माझ्याकडे येतात, ती बहुतेक एकाच तक्रारीने. गेम बिघडलाय, अमुक सोबती उगाच मेला. मी त्यांना आधी दोन-चार प्रश्न विचारतो. त्याच्याशी शेवटचं कधी बोलला होतास? त्याचं स्वतःचं मिशन पूर्ण केलंस का? जहाजाला नवं चिलखत बसवलंस का? उत्तरं ऐकली की बहुतेक वेळा कळतं, गेममध्ये काहीच बिघडलेलं नाही. पण कधीकधी खरोखरच बिघडलेलं असतं. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या नाहीत, तर इतका सुंदर खेळ माणूस चिडून अर्ध्यावर सोडून देतो. असे अर्ध्यावर सोडणारे मी बरेच पाहिलेत आणि दरवेळी मला वाईट वाटलंय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरने हे तीन गेम काढले, 2007, 2010 आणि 2012 मध्ये. तुम्ही कमांडर शेपर्ड. ‘नॉर्मंडी’ नावाचं जहाज, त्यावर वेगवेगळ्या ग्रहांवरून आलेले सोबती, आणि आकाशगंगेवर आलेलं एक जुनं, प्रचंड संकट. खरी गंमत सेव्ह फाइलमध्ये आहे. पहिला गेम संपवलेली फाइल दुसऱ्यात घालायची, दुसऱ्याची तिसऱ्यात. पहिल्या गेममध्ये कुणाला वाचवलंत, कुणाला दुखावलंत, हे पाच वर्षांनी आलेल्या तिसऱ्या गेमलाही माहीत असतं. म्हणजे फाइल गेली की नुसती प्रगती जात नाही, माणसं जातात.

माझी गेली. तेव्हा आमच्याकडे उन्हाळ्यात वीज सारखी जायची आणि अशीच एकदा ती हार्ड डिस्क घेऊन गेली. पहिला गेम मी पूर्ण केला होता, रेक्स जिवंत होता. रेक्स म्हणजे क्रोगन जमातीचा म्हातारा भाडोत्री लढवय्या. बोलायला तुसडा, पण आपल्या जमातीच्या भवितव्याची काळजी त्याला आतून पोखरत असते. फाइल नसल्यामुळे दुसरा गेम कोराच सुरू केला. तुचांका ग्रहावर पोहोचलो, क्रोगनांच्या तळावर उतरलो, दगडांच्या त्या आसनाकडे गेलो, तर तिथे रेक्स नाही. त्याच्या जागी रीव्ह बसलेला, त्याचाच भाऊबंद, पण डोक्यात फक्त लढाई आणि सूड. मला वाटलं, हा बग आहे. मी गेम बंद करून पुन्हा चालू केला. तरी रीव्हच. नंतर उलगडलं की जुनी फाइल नसेल तर दुसरा गेम स्वतःचा एक ठरावीक इतिहास धरून चालतो आणि त्या इतिहासात रेक्स आधीच मेलेला असतो. बग नव्हता, माझा निर्णयही नव्हता. गेमला माझा भूतकाळ माहीत नव्हता, म्हणून त्याने आपला घातला.

तेव्हापासून मी सगळ्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो. प्रत्येक गेम संपला की शेवटची फाइल दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा, पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. ऑटोसेव्हवर विसंबू नका. मोठ्या मिशनआधी हाताने, वेगळ्या जागी सेव्ह करा आणि जुनी फाइल पुसू नका. खुद्द गेम बनवणाऱ्यांनाही हा फटका बसलाय. 2021 च्या मे महिन्यात तिन्ही गेम एकत्र करून ‘लेजंडरी एडिशन’ आली, त्यात पहिल्या गेमचा ‘पिनॅकल स्टेशन’ हा जोडभाग नाही. त्याचा मूळ सोर्स कोड आणि त्याच्या प्रती खराब होऊन बसल्या होत्या.

आता रेक्सकडे परत येऊ, कारण सगळ्यात जास्त रडारड त्याच्यावरूनच होते. क्रोगनांवर ‘जेनोफेज’ नावाचा जैविक शाप लादलेला आहे. हजारात एखादंच मूल जगतं. पहिल्या गेममध्ये व्हर्मायर ग्रहावर कळतं की शत्रूने त्यावर उपाय शोधलाय आणि तुम्हाला ती प्रयोगशाळाच उडवायची आहे. समुद्रकिनाऱ्यावर रेक्स तुमच्यावर बंदूक रोखून उभा राहतो. त्या क्षणी तुमच्याकडे बोलून समजवण्याचं पुरेसं कसब नसेल, तर तो तिथेच मरतो. काहींचा तर इथे संताप होतो, कारण पडद्यावर समजवण्याचा पर्याय दिसतो पण फिकट, निवडता न येणारा. हाही बग नाही. पण इथे एक दुसरी वाट आहे, आणि ती फक्त ऐकून घेणाऱ्यालाच सापडते. जहाजाच्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या रेक्सशी आधीपासून बोलत राहिलात, तर तो कधीतरी आपल्या घराण्याच्या हरवलेल्या चिलखताची गोष्ट काढतो. ते चिलखत त्याला शोधून दिलेलं असेल, तर व्हर्मायरवर तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. गप्पांमधून निघालेलं एवढंसं काम, पण एक जीव वाचतो आणि पुढच्या दोन गेममध्ये एका जमातीची दिशा बदलते.

म्हणून प्रत्येक मोठ्या मिशननंतर जहाजावर एक फेरी मारा, सगळ्यांना भेटा. पहिल्या गेममध्ये सोबत्यांच्या जोड्याही बदलत राहा. लिफ्टमध्ये वेळ जातो म्हणून लोक कुरकुरतात. खरं म्हणजे लिफ्ट वर जात असताना मागे पुढचा भाग लोड होत असतो. पण त्याच वेळात गॅरस आणि टाली हे सोबती आपापसांत बोलतात, आणि त्यांच्या जमातींचं एकमेकींबद्दलचं मत त्या चार वाक्यांत जितकं कळतं तितकं लांबलचक माहितीपत्रकातून कळत नाही.

गॅरसबद्दल एक खुलासा करतोच, कारण दुसऱ्या गेममध्ये हमखास विचारलं जातं. त्याच्याशी दोन-तीनदा बोललं की तो प्रत्येक वेळी तोफांच्या कॅलिब्रेशनमध्ये गुंतलोय असं सांगून वाटेला लावतो. संवाद अडकलेला नसतो, तेवढ्यापुरता संपलेला असतो. त्याचं वैयक्तिक मिशन केलं की तो पुन्हा थोडा मोकळा होतो. मला मात्र हे लिखाण तोकडंच वाटतं. इतक्या जिव्हाळ्याच्या पात्राला इतका वेळ तेच एक वाक्य द्यायला नको होतं.

खरे बगही सांगतो. कॉनरॅड व्हर्नर नावाचा शेपर्डचा एक भोळा चाहता पहिल्या गेममध्ये भेटतो. तुम्ही त्याच्याशी कितीही गोडीने वागलात, तरी मूळ दुसऱ्या गेममध्ये तो म्हणतो की तुम्ही त्याच्या तोंडावर बंदूक रोखली होती. खेळणारा स्वतःच्याच आठवणीवर शंका घेऊ लागतो. चूक फाइल वाचताना होणाऱ्या नोंदीची होती. तिसऱ्या गेममध्ये लेखकांनी ती लपवली नाही. कॉनरॅड स्वतःच येऊन, आपण तेव्हा फार ताणाखाली होतो म्हणून तसं बोललो, अशी माफी मागतो. बग निस्तरण्याचा इतका प्रेमळ प्रकार मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिला नाही. दुसरा बग चेहऱ्याचा. 2012 च्या मार्चमध्ये तिसरा गेम आला, तेव्हा पहिल्या गेममध्ये हौसेने घडवलेला शेपर्डचा चेहरा त्याला वाचताच येत नव्हता. वर्षानुवर्षं जपलेला चेहरा सोडून नवा बनवा म्हटल्यावर लोक हळहळले. पुढच्याच महिन्यात पॅच आला. ज्यांनी थोडा धीर धरला त्यांना आपला जुना शेपर्ड मिळाला. आणि जुना पहिला गेम कॉम्प्युटरवर खेळत असाल, तर काही प्रोसेसरवर नोव्हेरिया आणि आयलोस या ठिकाणी पात्रांच्या जागी काळे ठोकळे दिसतात. कथेचा अर्थ त्यात शोधत बसू नका, तो निव्वळ तांत्रिक दोष आहे.

फरक ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. जुनी सेव्ह उघडा आणि तोच प्रसंग वेगळ्या वाटेने खेळून बघा. वेगळं वागल्यावर वेगळं घडलं, तर तो परिणाम. काहीही केलं तरी तेच आणि तुमच्या वागण्याशी न जुळणारं घडत असेल, तर मग बग म्हणा.

आता दुसऱ्या गेमचा शेवट. ‘सुइसाइड मिशन’ म्हणतात त्याला, आणि इथे गेम तुमच्या प्रत्येक दुर्लक्षाचा हिशेब मांडतो. माझ्या पहिल्या फेरीत इथे मॉर्डिन गेला. मॉर्डिन सोलस, अखंड भरभर बोलणारा सलॅरियन शास्त्रज्ञ, ज्याने जेनोफेजमध्ये स्वतः सुधारणा केली होती आणि ते ओझं घेऊन जगत होता. लढाईत नाही गेला. लढाई संपल्यावर पाहिलं तर दारापाशी पडलेला. अगदी शेवटी तुम्ही दोघांना घेऊन पुढे जाता आणि बाकीचे मागे दार धरून उभे राहतात. गेम तिथे सगळ्यांच्या ताकदीची सरासरी काढतो. ग्रंट, झाईद, गॅरस हे दणकट. त्यांनाच सोबत घेऊन गेलात, तर मागे दुबळे उरतात आणि सरासरी घसरली की सगळ्यात आधी मॉर्डिनचाच नंबर लागतो. आपल्या मनात येतं की शेवटच्या लढाईला सगळ्यात तगडे गडी सोबत हवेत. इथे नेमकं उलटं करायचं. तगड्यांना दारावर ठेवा आणि जहाजाच्या सुटका केलेल्या कर्मचाऱ्यांना परत पोहोचवायला मॉर्डिनला पाठवा, त्याचं वैयक्तिक मिशन करून तो निष्ठावान झालेला असेल तर.

बाकीच्या नेमणुकाही माणूस बघून करा. पाइपातून आत शिरायला टाली किंवा लीजन. दुसऱ्या तुकडीचं नेतृत्व गॅरस, मिरांडा किंवा जेकब. जैविक ढाल धरायला जॅक किंवा समारा. जैविक शक्ती असलेला कुणीही हे करू शकेल, असं मिरांडा म्हणते, तिचं ऐकू नका. आत्मविश्वास आणि कुवत या वेगळ्या गोष्टी आहेत हे गेमने तिथे फार नेमकं दाखवलंय. त्याआधी जहाजाचं चिलखत, ढाल आणि तोफ या तिन्ही सुधारणा करून घ्या. जेकब, टाली आणि गॅरस त्या सुचवतात, पण त्यांच्याशी बोलायला गेलात तरच.

आणि घाई-दिरंगाईचा प्रश्न. ‘रीपर आयएफएफ’ नावाचं यंत्र हाती आलं की पडद्यामागे घड्याळ सुरू होतं. थोड्याच मिशनांनंतर जहाजावरचे सगळे कर्मचारी पळवून नेले जातात. लगेच सोडवायला गेलात तर ते सगळे वाचू शकतात. मध्ये एक ते तीन कामं उरकलीत तर निम्मे जातात, त्याहून उशीर केलात तर फक्त डॉक्टर चॅकवास उरतात. उशिरा पोहोचणाऱ्याला केली चेंबर्स दिसते. नकाशाजवळ उभी राहून तुमच्या टपालाची आठवण करून देणारी, जेवायला बोलावलं तर पुढे तुमच्या खोलीतल्या माशांनाही खाऊ घालणारी केली, काचेच्या त्या कोशात डोळ्यांसमोर विरघळते. वेळेत पोहोचणाऱ्याला त्या कोशात दुसरीच, एका वसाहतीतली बाई दिसते. बाकीच्या गेममध्ये जग तुमच्यासाठी थांबून राहतं, त्यामुळे इथेही थांबेल असं धरून चालणाऱ्यांची इथे फसगत होते. तेव्हा ते यंत्र आणायला जाण्याआधीच इतर सगळ्यांची वैयक्तिक मिशन्स उरकून घ्या. यंत्रासोबत लीजन सापडतो, त्याचं मिशन त्यानंतर लगेच.

ही वैयक्तिक मिशन्स झाली की सोबत्यांमध्ये भांडणं होतात, मिरांडा-जॅक आणि टाली-लीजन. दोघांनाही धरून ठेवायचं तर तुमचं पॅरागॉन (चांगुलपणा) किंवा रेनेगेड (दांडगाई) यांपैकी एक पारडं जड हवं. थोडं चांगुलपणाने, थोडं दांडगाईने असं आलटून पालटून खेळणाऱ्यांना इथे दोन्ही पर्याय बंद मिळतात, कारण गेम तुम्ही नुसते किती गुण कमावले हे बघत नाही, मिळू शकत होते त्यांपैकी किती कमावले हे बघतो. भांडण जितकं पुढे ढकलाल तितकं मिटवणं अवघड. टाली-लीजनचं भांडण नीट मिटवा, कारण तिसऱ्या गेममध्ये रॅनॉक ग्रहावर क्वेरियन (टालीची जमात) आणि गेथ (लीजनची) यांच्यात तह घडवायचा असेल, तर हे दोघेही हवेत.

तिसऱ्या गेमच्या शेवटावरून 2012 मध्ये जगभर काहूर उठलं. खेळणाऱ्यांनी लाल, निळ्या, हिरव्या आयसिंगचे, पण चव एकच असलेले कपकेक बायोवेअरला पाठवले. निवड तीन रंगांची, फळ एकच, असं त्यांना म्हणायचं होतं. जूनमध्ये शेवट वाढवून मोफत दिला गेला. मला त्या शेवटापेक्षा मधला तुचांकाचा भाग कितीतरी मोठा वाटतो. तिथे जेनोफेजवरचा उपाय सोडायला कुणीतरी मनोऱ्यावर जायला हवं, आणि मॉर्डिन जातो. त्याला परत फिरवता येतं, पण कधी? रेक्स मेलेला असेल, क्रोगनांचं नेतृत्व रीव्हकडे असेल आणि ईव्ह नावाची ती शहाणी क्रोगन स्त्रीही जगलेली नसेल, तेव्हाच. रीव्हच्या हाती बरी झालेली जमात देणं धोक्याचं आहे, हे मॉर्डिनला त्या परिस्थितीतच पटतं. रेक्सला जपत आलेल्याला मॉर्डिन वाचवता येत नाही. इथे कुठलीही युक्ती नाही आणि बग तर नाहीच नाही. नव्याने खेळणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, की पहिल्या फेरीत या ठिकाणी जुनी फाइल उघडून दुसरा पर्याय बघायला जाऊ नका. जे घडेल ते घेऊन पुढे जा. तुचांकाला उतरण्याआधी वेगळी सेव्ह मात्र करून ठेवा, ती दुसऱ्या फेरीसाठी.