मशीन चालू आहे तोवर फ्लॉपी करून घे

पोरी, छापखान्यातलं विंडोज ९८ चं मशीन तू काढणार नाहीस, हे मला पूर्ण पटलेलं आहे. तुझ्या बाबांनी केलेल्या पत्रिका, अहवाल, शाळांचे वार्षिक अंक सगळे पेजमेकरमध्ये आहेत. अक्षरं युनिकोड येण्याआधीच्या फाँटमधली, आणि त्या फाँटचं लॉक प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय एक काना उमटत नाही. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. तेव्हा हे मशीन जगायला हवं. त्यासाठी पहिलं काम एकच: आज ते धडधाकट चालतंय, तर आजच त्याची स्टार्टअप फ्लॉपी करून घे. ही फ्लॉपी बनवायचं बहुतेक सामान त्याच मशीनच्या हार्डडिस्कमध्ये असतं. हार्डडिस्क उडाल्यावर फ्लॉपी करायला बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आधी फ्लॉपी पारखून घे. सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ च्या मार्चमध्ये थांबवली. आता बाजारात ‘नवीन’ म्हणून मिळते ती बहुतेक जुन्या साठ्यातलीच. प्लास्टिकचं वेष्टन शाबूत आहे एवढ्यावर विसंबू नकोस. पत्र्याची झडप बोटानं सरकव, मागची धातूची चकती हलक्या हातानं फिरव आणि आतली तपकिरी फिल्म खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघ. ती एकसारखी चकचकीत दिसली पाहिजे. पांढरट ठिपके किंवा धुरकट डाग दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या फ्लॉप्यांना ती हमखास धरते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून ‘चालते का बघू’ असं कधीही करायचं नाही. ती घाण वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. गोल चरे दिसले तरी तीच गत. फिल्मला बोट लावू नकोस.

दिसायला बरी असेल तर डॉस प्रॉम्प्टवर जाऊन ‘फॉरमॅट ए:’ च्या पुढे ‘/यू’ लावून तिला पूर्ण फॉरमॅट मार. क्विक फॉरमॅट नको, त्यात फ्लॉपी तपासलीच जात नाही. शेवटी येणारा आकडा वाच. १४,५७,६६४ बाइट मोकळे दिसले तर फ्लॉपी निर्दोष. बॅड सेक्टरमध्ये एक बाइट जरी दाखवला तरी ती फ्लॉपी या कामाला बाद. पत्रिकेचं मॅटर न्यायला चालेल, जीव वाचवायला नाही.

मग कंट्रोल पॅनल, ॲड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स, स्टार्टअप डिस्कचा टॅब आणि क्रिएट डिस्क. मध्येच कदाचित विंडोजची सीडी मागेल, ती हाताशी असू दे. फ्लॉपी तयार झाली की बाहेर काढून कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकव, आरपार भोक दिसलं पाहिजे. भोक उघडं म्हणजे फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही. बूट सेक्टरचे व्हायरस फ्लॉपीवरूनच घरोघर पोचले. संकटात ही फ्लॉपी रोगट मशीनमध्येच जाणार आहे, म्हणून ती कायम कुलूपबंद हवी.

आता या सगळ्यातलं महत्त्वाचं. ज्या फ्लॉपीवरून मशीन एकदाही चालू करून पाहिलेलं नाही, ती फ्लॉपी आपल्याकडे आहे असं समजू नकोस. दुकानांतून लेबल लावून, तारीख घालून नीट ठेवलेल्या फ्लॉप्या मी पाहिल्या आहेत, आणि ऐन लग्नसराईत मशीन बसल्यावर त्यांतली एकही बूट न झाल्यानं मालक डोक्याला हात लावून बसलेला पाहिला आहे. तू त्याच दिवशी करून बघ. मशीन बंद कर, फ्लॉपी घाल, चालू कर. फ्लॉपीचा दिवा लागलाच नाही आणि थेट विंडोज आलं, तर डिलीट की दाबून बायोसमध्ये जा आणि बूट सिक्वेन्समध्ये ‘ए’ पहिला कर.

फ्लॉपी बरोबर असेल तर तीन पर्यायांचा मेनू येतो. पहिला सीडी ड्राइव्हसह, दुसरा सीडीशिवाय, तिसरा मदतीची फाइल. पहिला घे. विंडोज ९५ च्या फ्लॉपीत सीडी ड्राइव्हची सोयच नव्हती, ती ९८ पासून आली. थोडा वेळ ड्राइव्ह करकर करत राहील. दुरुस्तीची हत्यारं फ्लॉपीवर एका दाबलेल्या कॅब फाइलमध्ये असतात. ती रॅममध्ये दोन एमबीचा एक तात्पुरता ड्राइव्ह करून त्यात उलगडली जातात. इथेच भले भले गोंधळतात. हार्डडिस्कवर एकटा ‘सी’ असेल तर हा तात्पुरता ड्राइव्ह ‘डी’ बळकावतो आणि रोज ‘डी’ असणारा सीडी ड्राइव्ह ‘ई’ होतो. माणूस ‘डी’ वर सीडी शोधतो, सापडत नाही, आणि सीडी ड्राइव्ह गेला म्हणून नवा घेऊन येतो. हार्डडिस्कचे दोन भाग असतील तर अक्षरं अजून एकानं पुढे सरकतात. पडद्यावर तो ड्राइव्ह कुठल्या अक्षरावर बसला ते लिहून येतं, ते वाच आणि फ्लॉपीच्या लेबलवर टिपून ठेव. लेबल आधी लिहायचं, मग चिकटवायचं.

‘ए’ चा प्रॉम्प्ट आला की ‘डिर सी:’ दे. तुझे फोल्डर दिसले पाहिजेत. मग सीडीच्या अक्षरावर जाऊन तिथलंही ‘डिर’ बघ. दोन्ही दिसलं तर फ्लॉपी खरी. जमलं तर दुसऱ्या एखाद्या जुन्या मशीनवरही लावून बघ. ड्राइव्हचं हेड किंचित सरकलेलं असलं तर त्यानं लिहिलेली फ्लॉपी त्यालाच वाचता येते, दुसऱ्याला नाही. उद्या तुझाच ड्राइव्ह बदलावा लागला तर हे तेव्हा कळून उपयोग नाही.

दुसरी एक फ्लॉपी साधी कर. सीमधल्या विंडोजच्या कमांड फोल्डरमधून स्कॅनरेग आणि एक्सकॉपीच्या दोन्ही फाइली तिच्यावर घे, कारण स्टार्टअप फ्लॉपीत या नसतात. सोबत ऑटोएक्झेक, कॉन्फिग, विन-आयएनआय आणि सिस्टिम-आयएनआय यांच्या प्रती ठेव. एक कागदही हवा. बायोसमध्ये जाऊन हार्डडिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर आणि मोड हाताने उतरवून घे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला की मशीन ही माहिती विसरतं, आणि काही जुन्या बोर्डांना ती आपणच सांगावी लागते.

प्रत्येक फ्लॉपीच्या दोन प्रती कर. एक छापखान्यात, एक घरी. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेव, स्पीकर आणि स्टॅबिलायझरपासून लांब. शिवाय फ्लॉपीची इमेज काढून पेन ड्राइव्हवर टाक. विनइमेजनं निघते. फाइल बरोबर १४,७४,५६० बाइटची हवी. ती असली की कधीही नव्या लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून तशीच फ्लॉपी पुन्हा लिहिता येते. यूएसबी ड्राइव्ह लिहायलाच वापर. तुझ्या मशीनचा बायोस त्यावरून बूट करेल यावर भिस्त ठेवू नकोस. फ्लॉप्या मिळेनाशा झाल्या तर गोटेक नावाची पेटी मिळते. ती फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसते, तीच केबल घेते आणि पेन ड्राइव्हवरच्या इमेजला फ्लॉपी म्हणून मशीनपुढे करते. मला ती मनापासून आवडते.

हिशोबाच्या एक्सपीवाल्या मशीनला मात्र यातलं काही लागू नाही. एक्सपी फॉरमॅटच्या चौकटीत डॉसची फ्लॉपी करून देतो, पण त्या फ्लॉपीला एनटीएफएस हार्डडिस्क दिसतच नाही. तिथे एक्सपीची मूळ सीडी जप. तिच्यावरून चालू करून ‘आर’ दाबलं की रिकव्हरी कन्सोल मिळतो.

आता प्रत्यक्ष मशीन बसेल त्या दिवशी काय करायचं ते ऐक. आधी आवाज ऐक. हार्डडिस्क टकटक करत असेल तर लगेच बंद कर. स्कॅनडिस्कसुद्धा चालवू नकोस. डिस्क काढून आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टरनं लॅपटॉपला लाव आणि आधी मॅटर उतरवून घे. डॉसमधून ‘कॉपी’ मारण्यापेक्षा हे बरं, डॉसमध्ये नावं आठ अक्षरांत कापली जातात आणि सगळ्या लग्नपत्रिका ‘लग्नाप~१’, ‘लग्नाप~२’ होऊन बसतात.

आवाज ठीक असेल तर फ्लॉपी लाव आणि ‘डिर सी:’ बघ. फोल्डर दिसले तर अर्धी चिंता मिटली. विंडोज अर्ध्यावर अडत असेल तर स्कॅनरेगपुढे ‘/रिस्टोअर’ लावून चालव. विंडोज ९८ रजिस्ट्रीच्या पाच जुन्या प्रती स्वतःच ठेवतं. तारखा बघून बिघाडाच्या आधीची निवड. ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क’ असा निरोप येत असेल तर ‘सिस सी:’ दे, पण ते याच मशीनवर बनवलेल्या फ्लॉपीवरूनच. ‘व्हर’ दिल्यावर ४.१०.१९९८ आलं तर पहिली आवृत्ती, ४.१०.२२२२ आलं तर सेकंड एडिशन. या दोघांची सरमिसळ नको. कुणी फ्रीडॉसची फ्लॉपी आणली तर तिच्यावरून फाइली खुशाल वाच, ‘सिस’ मात्र करू नकोस, विंडोजच्या बूट फाइलींची जागा फ्रीडॉस घेईल.

आणि ‘डिर सी:’ ला ‘इनव्हॅलिड ड्राइव्ह’ असं उत्तर आलं तर हात आवर. जाणता म्हणवणारा कुणीतरी लगेच ‘एफडिस्क /एमबीआर’ मारायला सांगेल. ‘सी’ दिसत असताना ती कमांड कामाची आहे, दिसत नसताना घातक. मंकीसारखा व्हायरस पार्टिशन टेबल उचलून, त्याची अक्षरं फिरवून दुसरीकडे ठेवतो. ती कमांड व्हायरसचा कोड पुसते, आणि टेबल परत वाचून देणारा तोच एकटा असतो. तेव्हा आधी बायोसमध्ये हार्डडिस्क दिसते का ते कागदाशी ताडून बघ, केबल काढून पुन्हा घट्ट बसव, परत एकदा ‘डिर’ दे. तरीही नाही दिसली तर मशीन बंद करून मला फोन कर. तोवर त्या डिस्कला कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नकोस, दुरुस्तीवाल्यानं कितीही घाई केली तरी.