श्रद्धेची कसोटी : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक सूत्र

येडशीपासून फार दूर नसलेल्या तेर या गावी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. गोरोबांनी कुंभाराच्या थापटीने संतमंडळींची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. श्रद्धा केवळ उच्चाराने सिद्ध होत नाही, तिला आव्यातून जावे लागते, हा तिचा आशय होय. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आकलनासही हा निकष उपयुक्त ठरतो.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव शहरात, १० ते १२ जानेवारी २०२० या काळात ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. या पदावर आलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीस काही संघटनांनी विरोध केला. धर्मगुरूचे लेखन हे साहित्य की धर्मप्रचार, असा त्या विरोधाचा मथितार्थ होता. हा प्रश्न केवळ सहिष्णुतेचे आवाहन करून निकालात निघत नाही. त्याचे उत्तर साहित्यातच शोधले पाहिजे.

फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ‘ख्रिस्तपुराणा’ने ख्रिस्तकथेला ओवीचे रूप दिले. तेथे भाषेवरील प्रेम हाच श्रद्धेचा पहिला आविष्कार ठरला. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पुढे अभंगातून ख्रिस्तभक्ती गायिली. लक्ष्मीबाई टिळकांची वाट मात्र निराळी होती. ‘स्मृतिचित्रे’मधून (१९३४ ते १९३७) दिसते की, त्यांच्या मनातील सोवळ्या-ओवळ्याचे आणि जातिभेदाचे बंध आधी गळून पडले व दीक्षा नंतर, १९०० मध्ये, आली. माणसाविषयीची आपुलकी आधी आणि सिद्धान्त नंतर, हा क्रम लक्षणीय आहे. म्हणूनच या आत्मचरित्रात उपदेश नाही. आहे तो घडलेला बदल.

दिब्रिटो यांचे कार्य या परंपरेत ठेवून पाहावे लागते. ‘सुबोध बायबल’ या अनुवादास २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार लाभला. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. ‘हरित वसई’ चळवळीत त्यांनी तेथील पाणी, शेती आणि हिरवाई यांच्या रक्षणासाठी, तसेच गुंडगिरीच्या विरोधात सर्वधर्मीयांसह लढा दिला. शेजाऱ्यावरील प्रेम ही ख्रिस्ती शिकवण येथे विहिरीच्या पाण्याचा आणि निर्भयपणे जगण्याच्या हक्काचा प्रश्न बनली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु शब्द आणि कृती यांचे त्यांनी जोडलेले नाते अभ्यासाचा विषय म्हणून उरले आहे.

गोरोबांच्याच दुसऱ्या कथेत, नामस्मरणात तल्लीन झालेल्या भक्ताच्या पायाखाली त्याचे मूल चिखलात तुडविले जाते. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळते. भक्तीची तल्लीनता कोणत्या टोकास जाऊ शकते, हे ही कथा निर्भीडपणे सांगते. ख्रिस्ती विचार याच ठिकाणी वेगळा भर देतो : समोर दिसणाऱ्या माणसावर ज्याचे प्रेम नाही, त्याच्या न दिसणाऱ्या ईश्वरावरील प्रेमाला अर्थ नाही. अर्थात हा भेद दोन धर्मांतील उच्चनीचतेचा नव्हे. वारकरी संतांनीही भूतदयेला भक्तीचे अंग मानले. आणि ख्रिस्ती समाजही जातिभेदापासून सर्वस्वी मुक्त राहिलेला नाही.

सारांश, ख्रिस्ती लेखकाला मराठीत स्थान द्यावे काय, हा प्रश्नच अपुरा आहे. त्याच्या लेखनात श्रद्धेचे माणसावरील प्रेमात आणि प्रेमाचे जगण्याच्या प्रयोजनात रूपांतर झाले आहे काय, हे समीक्षेने तपासावे. जेथे ते झालेले नाही तेथे केवळ प्रचार उरतो, लेखक कोणत्याही धर्माचा असो. गोरोबांची थापटी धर्म विचारीत नाही. ती मडके भाजले आहे की नाही, एवढेच पाहते.