तलंगा आणि दिवाळीची तारीख



मागच्या अंकात मी लिहिले होते की दिवाळीपर्यंत धडगाव परिसरातल्या पाड्यांवर अंडी मिळू लागतील. तुमच्यापैकी अनेकांनी पिल्लांसाठी मदत पाठवली होती आणि ‘अंडी आली का?’ असे प्रेमाने विचारलेही. दिवाळी झाली, पण अंडे आले नाही. यात कोंबड्यांची काही चूक नव्हती, चूक माझी होती. या वेळचा पाठ तिच्याविषयीच आहे.

पिल्ले १५ जूनला अंड्यातून बाहेर पडली. वनराजा जातीची, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसबागेसाठी तयार केलेली. पहिले चार आठवडे ती आमच्याकडे उबेत ठेवली, मानमोडीची लस दिली आणि मग घरोघरी वाटली. अंडी कधी येतील ते मी एका पुस्तकात पाहिले. तिथे १८ ते २० आठवडे लिहिले होते. तो हिशेब पिंजऱ्यात ठेवलेल्या, रोज मोजून खाद्य मिळणाऱ्या व्हाइट लेगहॉर्न कोंबडीचा होता. परसात उकरून पोट भरणारी वनराजा अंड्यावर यायला साडेपाच ते सहा महिने घेते. मी मात्र वीस आठवडे मोजले आणि सगळ्यांना दिवाळी सांगून बसले.

एका मावशींकडे सहा तलंगा होत्या. दिवाळीनंतर दुकानाची उधारी द्यायची होती. त्यांनी दोन तलंगा बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याला विकल्या. पुढे पाहुणे आले तेव्हा ‘नुसती दाणे खाते’ म्हणून तिसरी कापली. मी गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “ताई, तू दिवाळी म्हणाली होतीस. कापली तेव्हा पोटात बलकांचा घोस होता. मोठं बलक सुपारीएवढं होतं.”

मला काही बोलता येईना. बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांतच भराभर वाढतो. म्हणजे ती तलंग काही दिवसांतच घालणार होती.

उरलेल्या तीन तलंगा आम्ही दोघींनी एकेक करून हातात घेऊन पाहिल्या. तेव्हा शिकलेले इथे लिहिते:

१. तुरा पाहावा. फिकट, छोटा तुरा लालभडक आणि मोठा झाला, की वेळ जवळ आली.

२. पाठीवर हात ठेवावा. एरवी पळणारी तलंग दबून बसू लागली, तर ती अंड्यावर येत आहे.

३. शेपटीखालच्या दोन हाडांमधले अंतर बोटांनी पाहावे. न घालणाऱ्या कोंबडीत जेमतेम एक बोट मावते, घालायला आलेलीत दोन-तीन.

४. दिवसाची लांबी लक्षात घ्यावी. भरपूर अंड्यांसाठी सुमारे १४ तास उजेड लागतो. डिसेंबरात सातपुड्यातला दिवस अकरा तासांपेक्षाही लहान असतो, त्यामुळे उशीर झाला तर घाबरू नये.

५. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कवच बहुतांशी चुन्याचेच असते. पण अंड्यावरच्या कोंबडीचे जास्त चुन्याचे खाद्य पिल्लांना लवकर सुरू करू नये, त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो.

६. अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात सुक्या गवताची टोपली ठेवावी. चार-पाच कोंबड्यांना एक पुरते.

मावशींच्या एका तलंगेचा तुरा लाल झाला होता आणि ती हाताखाली दबून बसली. दुसऱ्या दोघी अजून फिकट होत्या. “मावशी, ही आता विकू नका. तारीख मात्र मी सांगणार नाही,” मी म्हणाले. त्या हसल्या. म्हणाल्या, “आता मीच बघेन.”

१२ डिसेंबरला, पिल्लांच्या १८०व्या दिवशी, मावशींच्या धाकट्या मुलीला मक्याच्या कडब्यामागे अंडे सापडले. टोपली सोडून तलंगेने कडबा निवडला होता! अंडे लहान, तपकिरी, कवचावर रक्ताची बारीक रेघ. पहिल्या अंड्यावर अशी रेघ कधी कधी असते. मुलीला ते लगेच उकडून हवे होते. मावशींनी ते टोपलीत ठेवले. “हे पाहून बाकीच्या इथंच घालतील. दुसरं तुझं,” असे तिला सांगितले. तिसऱ्या दिवशी मुलीला तिचे अंडे मिळाले.

अंडे तयार व्हायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि त्यातले वीसेक तास फक्त कवच बनण्यात जातात. घाईने त्यातला एक तासही कमी होत नाही. मी मात्र उत्साहाच्या भरात तारीख दिली, आणि तिची किंमत माझ्याऐवजी मावशींनी तीन तलंगा देऊन भरली. आता पाड्यावर जाते तेव्हा तारीख सांगत नाही. तुरा कसा पाहायचा ते दाखवते. तुम्हालाही यापुढे तारखा कळवणार नाही, जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहीन.

मननासाठी:

मी दिलेल्या एखाद्या तारखेची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली आहे का?

माझ्या घरात, माझ्या मंडळीत असे कोण आहे, ज्याच्यात आतल्या आत काही वाढत आहे आणि मी त्याला ‘नुसते खाते’ म्हणत आहे?