गिनीपिग आणि लोणावळ्याचा पाऊस

प्रश्न : दोन गिनीपिग दत्तक घेतोय. पिंजरा गॅलरीत ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : गॅलरी नकोच. पावसाचे शिंतोडे, मांजरं, वर माकडं! ओल न धरणाऱ्या भिंतीचा कोपरा बघा. दोघांना दहा चौरस फूट सलग जागा द्या. तळ सपाट हवा, जाळीवर पाय सोलवटतात. खाली जुने टॉवेल अंथरा. जुलैत ते वाळता वाळत नाहीत, म्हणून चार जास्तीचे ठेवा. मावळात भाताचा पेंढा मुबलक, पण तो वाळल्या गवताची जागा घेत नाही. गवताला कुबट वास आला की सरळ फेका. माणसासारखंच यांचं शरीर 'क' जीवनसत्त्व बनवत नाही, तेव्हा रोज ढोबळी मिरचीची फोड द्या. आणि आणण्याआधी नर-मादी पशुवैद्याकडून तपासून घ्या; दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.