छापील चौकोनातून चित्रफितीकडे

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. भातसा व तानसा जलाशयांमुळे शहापूरचे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. परंतु या परिसरातील कातकरी, ठाकर व महादेव कोळी पाड्यांवर पाठ्यपुस्तकाबाहेरचे शैक्षणिक साहित्य पोहोचविणे आजही सोपे नाही. या कामी पुस्तकात छापलेला क्यूआर कोड उपयोगी पडू शकतो. मात्र त्याची मर्यादा प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

कोडमध्ये काय असते?

हा कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार केला. या काळ्या-पांढऱ्या चौकोनात चित्रफीत नसते, केवळ तिचा पत्ता असतो. चित्रफीत येते ती इंटरनेटवरून.

महाराष्ट्राचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडले. या कार्याची दखल घेऊन २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार देण्यात आला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही पाठागणिक कोड छापण्यात आले. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' ॲपद्वारे त्या पाठाचे दृक्-श्राव्य साहित्य पाहता येते.

पाड्यावरील अडचण

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुलासोबत पुस्तक जाते व कोडही जातो. परंतु घरातील एकुलता फोन दिवसभर वडिलांपाशी असतो आणि दरीतल्या वस्तीत रेंज मिळेलच असे नाही. अशा वेळी पत्ता हाती असूनही पाठ दूरच राहतो.

यास्तव शिक्षकांनी रेंज असलेल्या ठिकाणी चित्रफिती 'दीक्षा'वर आधीच उतरवून घ्याव्यात. मग त्या इंटरनेटविना दाखविता येतात. चौकोन फाटला वा मळला, तर त्याखालील सहा अक्षरांचा संकेत ॲपमध्ये टाइप करावा.

ग्रामपंचायतींसाठी

योजनांच्या फलकावर कोड लावताना पात्रता, कागदपत्रे व अखेरची तारीख ठळक मराठीत लिहावी. ज्याच्याकडे फोन नाही, तोही हक्काचा लाभार्थी आहे. कोड उघडल्यावर काय दिसेल, हेही खाली नमूद करावे. दहा फुटांवरून वाचावयाचा चौकोन सुमारे एक फुटाचा असावा. पैसे भरण्याच्या कोडवर कोणी दुसरा कागद चिकटविला नाही ना, हे ग्रामसेवकांनी वरचेवर तपासावे. महिन्यातून एकदा प्रत्येक कोड उघडून पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपविल्यास ही सोय दीर्घकाळ टिकेल.