हिशेबाच्या घरांस कुलूप

जमाखर्चाचा तक्ता एक्सेलमध्यें ठेवणाऱ्या शेतकरी बंधूंस आम्ही एक गोष्ट सुचवूं इच्छितों. वजन व दर यांच्या गुणाकाराचें सूत्र ज्या घरांत आहे, तेथें चुकून आंकडा लिहिला गेला तर सूत्र नाहींसें होतें. पुढें दर बदलला तरी रक्कम तीच राहते आणि अडत्याच्या पट्टीशीं ताळा जुळत नाहीं.

एक्सेलमधील प्रत्येक घर मुळांतच ‘लॉक्ड’ असतें. परंतु पत्रक संरक्षित केल्यावांचून त्या कुलपाचा अंमल होत नाहीं. म्हणून प्रथम तारीख, वजन, दर अशीं भरावयाचीं घरें तेवढीं निवडावीं, कंट्रोल व १ या कळा एकत्र दाबाव्या आणि ‘प्रोटेक्शन’ या सदरांत ‘लॉक्ड’पुढील खूण काढावी. नंतर ‘रिव्ह्यू’मधील ‘प्रोटेक्ट शीट’ निवडून परवलीचा शब्द द्यावा. शेवटीं सूत्राच्या घरांत आंकडा लिहून पाहावा. तो नाकारला गेला म्हणजे काम साधलें.

परवलीचा शब्द वहींत टिपून ठेवावा. तो हरपल्यास मायक्रोसॉफ्ट कंपनीही परत मिळवून देऊं शकत नाहीं. हें कुलूप हातचुकीपासून राखण करितें, चोरापासून नव्हे; यास्तव गुप्त आंकडे त्याच्या भरंवशावर ठेवूं नयेत.