खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेले असे नाही

जऊळक्यात पावसाळ्यात सोयाबीनचे निंदण सुरू असते. दिवसभर ओल्या कपड्यांत काम, आणि रात्री दांडीवर टाकलेले तेच कपडे सकाळी अर्धवट ओले पुन्हा अंगावर. याच दिवसांत जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टे उठतात. कडा लाल, मधला भाग फिका. हे गजकर्ण, कुणी नायटा म्हणतात. रक्त बिघडल्याने ते होत नाही. ही बुरशी आहे, आणि अंगाला अंग, टॉवेलला टॉवेल लागून घरभर पसरते.

जागा अवघड, म्हणून आपण डॉक्टरला दाखवत नाही. दुकानात ‘खाजेची ट्यूब’ मागतो. आमच्याही घरात हेच झाले. चार दिवसांत खाज बंद, आणि महिन्याने चट्टा दुप्पट. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल लिहिलेले होते. ते स्टिरॉइड. खाज आणि लाली ते दाबते, पण शरीर बुरशीशी झगडत असते तो झगडाही दाबते. कातडी पातळ होते, जांघेत चरे पडतात आणि ते कायमचे राहतात. बीटामेथासोन, मोमेटासोन ही त्याचीच भावंडे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मागितली की मिळतात!

बुरशीवरचे साधे मलम क्लोट्रिमॅझोलचे. अंग कोरडे करून दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर जागेपर्यंत लावायचे. चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे. बहुतेकांचे इथेच चुकते. फार पसरले असेल तर टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोलच्या गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. लिव्हरचा आजार, गरोदरपण, चालू असलेली इतर औषधे त्यांना आधी सांगावी. आता टर्बिनाफिनलाही न जुमानणारी बुरशी देशात पसरली आहे; २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला पडेलच असे नाही.

घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्यांचे औषध एकाच वेळी सुरू करा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवा. ओला करदोडा काढून ठेवा. बुरशी त्याखाली दबा धरून बसते. लेकराच्या डोक्यात खवले येऊन केस तुटत असतील तर मलम पुरत नाही, गोळ्याच लागतात. सरकारी दवाखान्यात जाताना आधी लावलेली ट्यूब सोबत न्या, संपलेली असली तरी.